एकाच कातडीवर दोन दुखणी

कोपरं, गुडघे, डोकं इथले लालसर चट्टे आणि त्यांवरचे चंदेरी पापुद्रे सोरायसिसच्या रुग्णाच्या अंगवळणी पडलेले असतात. अशाच कुणाच्या अंगावर काही वर्षांनी पाण्याने भरलेले टपोरे, टणक फोड उठतात. घरचे म्हणतात, औषध उठलं. कधी ते खरंही असतं. पण कधी हा दुसराच आजार निघतो: बुलस पेम्फिगॉइड.

वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ मध्ये तो पेम्फिगसपासून वेगळा काढला. पेम्फिगसमध्ये वरच्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात, म्हणून फोड लगेच फुटतात. इथे मात्र अख्खा वरचा थरच तळापासून उचलला जातो. हा थर खाली धरून ठेवणारी अतिसूक्ष्म टिचबटणं असतात आणि शरीराचीच प्रतिपिंडं त्यांतल्या बीपी१८० व बीपी२३० या प्रथिनांवर तुटून पडतात.

निदानाची एक तपासणी तर थक्क करणारी आहे. निरोगी त्वचेचा तुकडा मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवला की तो नेमका या सांध्यावर दुभंगतो. त्यावर रुग्णाच्या रक्तातला द्रव घालून चमकणारा रंग लावतात. चमक छताला दिसली तर बुलस पेम्फिगॉइडकडे बोट जातं, तळाला दिसली तर संशय दुसरीकडे वळतो. अशाच तळाच्या चमकेतून १९९६ मध्ये पी२०० नावाच्या प्रथिनाविरुद्धचा पेम्फिगॉइड उजेडात आला. सोरायसिसशी त्याचं सख्य विशेष. जपानी रुग्णांत ते ठळकपणे दिसलं. रुग्णाच्या त्वचेची थेट तपासणी करायची तर तुकडा फोडातून नव्हे, शेजारच्या त्वचेतून घ्यावा लागतो. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकला की तपासणी वाया गेली.

दोन्ही आजार एकत्र का येतात? सोरायसिसच्या सततच्या दाहाने तळाचा पडदा झिजतो, एरवी झाकलेली प्रथिनं उघडी पडतात आणि प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजते, असा तर्क आहे. तो पटण्याजोगा आहे, पण अजून तर्कच. सोरायसिसवरच्या अतिनील किरणोपचारानंतर फोड उठल्याच्याही नोंदी आहेत.

खरी पंचाईत उपचारात होते. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी फोड आटोक्यात येतात, पण त्या कमी करताना सोरायसिस उसळू शकतो, कधी पूने भरलेल्या पुळ्यांच्या रूपात. म्हणून दोन्हींवर चालणाऱ्या मेथोट्रेक्सेटकडे अनेक डॉक्टर वळतात. त्यात यकृत आणि रक्तपेशींवर नजर ठेवावी लागते. रुग्णाला मधुमेह असेल तर गोळ्यांची यादीही पाहायला हवी. आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या व्हिल्डाग्लिप्टिनसारख्या ग्लिप्टिन औषधांचा बुलस पेम्फिगॉइडशी संबंध आढळला आहे. ती गोळी बदलायची का, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.