हिशेब जुळतो, गोदाम जुळत नाही

तापीकाठच्या सारंगखेड्यात काय किंवा शहादा-दोंडाईचा पट्ट्यातल्या दुसऱ्या कुठल्या बाजारगावात काय, खत-बियाण्याच्या दुकानात आता दोन यंत्रं हमखास दिसतात. एक शेतकऱ्याचा अंगठा घेणारं पॉस मशीन, दुसरं टॅली किंवा तसलंच काही चालवणारा संगणक. तिसरी वस्तू गल्ल्याजवळ असते, ती लाल वही. तिन्हीकडे युरियाच्या पोत्यांचा आकडा वेगळा निघाला की शेठ वैतागतात, "या पोराला काही येत नाही, ट्रेनिंगला पाठवा." कधी ते खरं असतं. पण ज्याला खरोखर शिकवायला हवं त्याच्याकडे बहुतेक वेळा कुणाचं लक्षच जात नाही, कारण त्याचं काम झपाट्यानं उरकत असतं.

गैरसमज: बोटं भराभर चालतात, म्हणजे सॉफ्टवेअर येतं

दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याला घोडा घेणारा माणूस झूल बघून पैसे मोजत नाही, आधी चाल बघतो. नोकर ठेवताना मात्र आपण झूलच बघतो. एमएससीआयटीचं प्रमाणपत्र आहे, कीबोर्डकडे न पाहता टाइप करतो, झालं काम. त्या अभ्यासक्रमातून संगणकाची ओळख होते. जमा-नावे, उधारी आणि साठा यांचा मेळ हा त्याचा विषयच नाही. टॅलीत एफ८ दाबलं की विक्री आणि एफ९ दाबलं की खरेदी, हे दोन दिवसांत पाठ होतं. ते दाबल्यावर कोणतं खातं हललं हे ज्याला सांगता येतं, तो शिकलेला. बिल होत असताना मालकानं शेजारी उभं राहून सहज विचारावं, "आता हे पैसे कुठे गेले?" उत्तर लगेच कळतं.

गैरसमज: चूक असती तर कॉम्प्युटरनंच दाखवली असती

हा सगळ्यांत महागात पडणारा समज, म्हणून इथे जरा थांबू.

हिशेबाचं सॉफ्टवेअर एवढंच बघतं की जमा आणि नावे सारखे आहेत. रक्कम भलत्याच खात्यात गेली तरी ट्रायल बॅलन्स जुळतोच. अशा चुका लपण्याची पहिली जागा एककाची. खत कंपनीच्या बिलावर युरिया टनात येतो, दुकानात तो पोत्यांनी विकला जातो. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० किलोचं. बिलावर ९.९९ टन लिहिलेलं असतं, म्हणजे २२२ पोती. ऑपरेटरनं एककाचं रूपांतर न बसवता पोत्यांच्या रकान्यात नुसतं ९.९९ टाकलं तर रुपयांचा हिशेब चोख राहतो. दहावं पोतं विकलं की साठा उणे दिसू लागतो. उणे साठा ही गोष्ट गोदामात असूच शकत नाही, ती फक्त पडद्यावर असते. टॅलीच्या अपवाद अहवालांत उणे साठ्याचा स्वतंत्र अहवाल आहे. आठवड्यातून एकदा तो उघडला, तर कुणाला काय शिकवायचं हे तिथेच अर्धं समजतं.

दुसरी जागा राज्याच्या सीमेची. नंदुरबार जिल्ह्याला गुजरातही लागून आहे आणि मध्य प्रदेशही. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: महाराष्ट्र २७, गुजरात २४, मध्य प्रदेश २३. समजा पाइपच्या व्यापाऱ्यानं गुजरातच्या दुकानदाराला पीव्हीसी पाइप पाठवले आणि ग्राहकाच्या खात्यात राज्य 'महाराष्ट्र' पडलं. आता १८ टक्के आयजीएसटीऐवजी नऊ-नऊ टक्क्यांचे सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतील. बिलाची बेरीज मात्र तीच राहते, त्यामुळे गिऱ्हाईकही बोलत नाही आणि मालकही. पुढे आयजीएसटी वेगळा भरा, आधी भरलेल्या कराचा परतावा मागा, अशी वरात निघते. शहाद्याच्या सीएकडून दर महिन्याला याच प्रकारचा फोन येत असेल, तर त्या फोनची यादी हाच प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम. बाहेरून कुणी छापील पुस्तिका आणायची गरज नाही.

तिसरी जागा उधारीची, आणि इकडे ती सगळ्यांत नाजूक. शेतकरी जूनमध्ये खत नेतो, कापूस विकल्यावर पैसे देतो, तेही हप्त्याहप्त्यानं. पैसे जमा करताना ते कोणत्या बिलापोटी आले हे टॅली विचारतं. घाईत प्रत्येक वेळी 'ऑन अकाउंट' निवडलं तर एकूण बाकी बरोबर येते, पण कोणतं बिल किती दिवसांपासून थकलंय हे मागूनही मिळत नाही. मग आबा दुकानात येऊन म्हणतात, "ते पहिलं बिल तर मी दिवाळीलाच फेडलं," आणि काउंटरवरचा पोरगा वही शोधू लागतो. वाद आबांशी होतो, चूक नोंदीतली. फोन-पेवरून आलेले, नाव न लागलेले पैसे 'सस्पेन्स' खात्यात टाकायची सवयही याच जातीची. ते खातं असणं गैर नाही. महिन्यागणिक ते फुगत असेल तर मात्र कुणाला तरी बसवून शिकवावं लागेल.

गैरसमज: चूक दिसली की ट्रेनिंग द्यावं

इथे बरेच पैसे वाया जातात. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या अमेरिकी अभ्यासकांनी १९७०मध्ये कामातल्या चुकांवर एक पुस्तक लिहिलं. त्यातली मुख्य कसोटी साधी आहे: जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम जमेल का? जमत असेल, तर अडचण ज्ञानाची नाही.

पॉस मशीनचंच बघा. अनुदानित खत शेतकऱ्याची आधार ओळख पटवून मशीनवर विकायचं, आणि त्या विक्रीवर कंपनीला अनुदान मिळतं, ही पद्धत २०१८पर्यंत देशभर लागू झाली. पाऊस पडल्यावर दुकानापुढे रांग लागते, रेंज जाते, म्हाताऱ्या माणसाचा अंगठा उमटत नाही. पोरगा पोतं देऊन टाकतो, "अंगठा संध्याकाळी द्या, भाऊ." संध्याकाळी कोण येतं? मशीनवर साठा जास्त, गोदामात कमी, आणि तपासणीला आलेला कृषी अधिकारी नेमकं तेच मोजतो. या पोराला मशीन पूर्ण येतं. त्याला शिकवून काहीही बदलणार नाही. रांगेच्या दिवशी दुसरा माणूस द्यावा लागेल, आणि अंगठ्याशिवाय पोतं हलणार नाही हा नियम खुद्द शेठनीही पाळावा लागेल. नियम बहुतेक वेळा शेठच मोडतात, हे जाता जाता.

ओळखायची खूण अशी: तीच चूक दोघातिघांकडून, निवांत दिवशीही होत असेल तर शिकवण्याची गरज आहे. एकाकडूनच आणि गर्दीतच होत असेल तर कामाची मांडणी बदला.

गैरसमज: वही सोडवत नाही, म्हणजे शिकला नाही

सोसायट्यांच्या सचिवांवर हा ठपका नेहमी येतो. केंद्रीय मंत्रिमंडळानं २९ जून २०२२ रोजी देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटींचा खर्च धरून. वर्षानुवर्षांचं कर्जखातं वहीतून एका सामायिक सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं, तर जुनी शिल्लक ताडून बघायला वही लागतेच. वही असणं हा दोष नव्हे. आधी कुठे लिहिलं जातं ते पाहा. नोंद आधी पडद्यावर आणि वही पडताळ्याला, तर ठीक. आठवडाभर वहीत लिहून शनिवारी सगळं एकदम संगणकात उतरवलं जात असेल, तर त्या माणसाचा सॉफ्टवेअरवर विश्वास बसलेला नाही, आणि तो न बसण्याचं कारण त्यालाच विचारायला हवं.

गैरसमज: एकदा शिकलं की झालं

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले. सूक्ष्म अन्नद्रव्यांची खतं आणि ठिबकचे संच १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, कीटकनाशकं बहुतांशी १८वरच राहिली. ज्याला वस्तूच्या मास्टरमध्ये नवा दर आणि तो लागू होण्याची तारीख भरता येते, त्यानं हे एकदाच केलं. ज्याला येत नाही तो प्रत्येक बिलावर हातानं दर बदलत बसला. दोघांची बिलं सारखीच दिसतात.

शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणखी एक नियम आहे. १ एप्रिल २०२३पासून कंपनी कायद्याखालच्या संस्थांना प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारं आणि ती बंद करता न येणारं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. बहुतेक संचालक ती नोंद चोर पकडायला बघतात. मी ती शिकवायला बघेन. एकाच प्रकारची नोंद कोण वारंवार दुरुस्त करतो, हे तिथे नाव आणि वेळेसह सापडतं. अट एकच: प्रत्येकाचा युजर वेगळा हवा. चौघं मिळून एकाच पासवर्डनं काम करत असतील तर त्या नोंदीला काही अर्थ नाही.

शिकवायची वेळही पाहावी. यात्रेच्या आणि कापसाच्या दिवसांत कुणाला बसवून ठेवण्यात अर्थ नाही, मार्चअखेर तर नाहीच. एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत, खरिपाचा माल यायच्या आत, दुकानाच्या डेटाची एक प्रत वेगळी काढून त्यावर सराव द्यावा. गेल्या हंगामातली खरी चुकलेली बिलं घ्यावीत आणि ती दुरुस्त करायला लावावीत. मग जुलैच्या शेवटी सस्पेन्स खातं आणि उणे साठ्याचा अहवाल पुन्हा उघडायचा.