वेल्डिंगची केबल आणि पुढची पिढी

देवळ्यास कांदाचाळींच्या सांगाड्यांचें वेल्डिंग करणारा माझा एक जुना विद्यार्थी परवां भेटला. लग्न नुकतेंच झालेलें. चांचरत म्हणाला, "गुरुजी, या यंत्राच्या चुंबकत्वानें पुढें मुलांना कांहीं बाधेल काय?"

प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. केबलींतून 150 अँपियर प्रवाह वाहूं लागला म्हणजे तिच्यापासून 10 सेंटिमीटरांवर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें सातपट क्षेत्र निर्माण होतें. आणि हा गृहस्थ ती उपरण्यासारखी खांद्यावर टाकतो! वेल्डरांच्या रक्तपेशींत गुणसूत्रांची मोडतोड कांहीं संशोधकांस आढळली आहे. परंतु ती चुंबकत्वानें कीं धुरांतील क्रोमियमसारख्या धातूंनीं, हें वेगळें काढणें कठीण. ती संततींत उतरते, असें तर सिद्ध झालेलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें 2002 सालीं विजेच्या अशा चुंबकक्षेत्रांस 'कदाचित् कर्करोगकारक' एवढेंच म्हटलें. वेल्डिंगचा धूर मात्र 2017 सालीं निश्चित कर्करोगकारक ठरविला.

मीं सांगितलें, "केबल खांद्यावरून उतरव. दोन्ही केबली एकत्र बांधून जमिनीवर सोड; उलट प्रवाहांचीं क्षेत्रें एकमेकांस बरींचशीं मारतात. आणि काम उघड्यावर कर, धूर तोंडाशीं येऊं देऊं नकोस."

दुसऱ्या दिवशीं पाहतों तों केबल खरोखरच जमिनीवर होती. शटर मात्र उन्हासाठीं अर्धें ओढलेलें, आणि आंत निळा धूर कोंदलेला.