खार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एम्प्रेस गार्डनमधला वड असो की सोसायटीतल्या खिडकीची जाळी, पुणेकरांना खार रोज दिसते. तरी तिच्याविषयी डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा ऐकीव गोष्टीच जास्त सांगितल्या जातात.

गैरसमज : रामाने पाठीवरून बोटं फिरवली, म्हणून प्रत्येक खारीला तीनच पट्टे असतात.
वस्तुस्थिती : सेतूची गोष्ट गोड आहे, पण पट्ट्यांचा हिशोब वेगळा. दक्षिण भारतात प्रामुख्याने तीनपट्टी खार, उत्तरेत पाचपट्टी. महाराष्ट्रात दोन्ही आढळतात. पाठीवरच्या तीन फिक्या पट्ट्यांखेरीज दोन्ही कुशींवर आणखी एकेक दिसला, तर ती पाचपट्टी.

गैरसमज : खार शुद्ध शाकाहारी.
वस्तुस्थिती : फळं, बिया, कोवळे कोंब हा मुख्य आहार खरा, पण किडेही ती खाते आणि संधी मिळाली तर पक्ष्यांची अंडीसुद्धा पळवते. खार दिसताच बुलबुलाची जोडी आरडाओरडा करते, ती उगाच नाही.

गैरसमज : दुपारभर चिर्रचिर्र करते, म्हणजे खुशीत असते.
वस्तुस्थिती : एकसारखा चाललेला तो आवाज बहुतेकदा धोक्याचा इशारा असतो. प्रत्येक आवाजासरशी शेपटीला झटका बसतो. अशा वेळी झाडाखाली मांजर किंवा वर शिक्रा आहे का, ते पाहावं.

गैरसमज : थंडीत खार महिनोन्‌महिने झोपून राहते.
वस्तुस्थिती : लांबलचक शीतनिद्रा घेतात त्या थंड प्रदेशांत बिळं करून राहणाऱ्या काही खारी. आपली खार डिसेंबरातही हिंडताना दिसते.

गैरसमज : भीमाशंकरचं शेकरू उडतं.
वस्तुस्थिती : महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी शेपटीसह सुमारे १ मीटर लांब. एका झाडावरून दुसऱ्यावर तो ६ मीटरपर्यंत झेप घेतो, पण ती निव्वळ उडीच. उडणारी खार निराळी : ती निशाचर असते आणि पुढच्या-मागच्या पायांमधली कातडी ताणून हवेत तरंगत जाते.

गैरसमज : माणसाचा हात लागला की पडलेल्या पिल्लाला आई घेत नाही.
वस्तुस्थिती : आई अनेकदा पिल्लू तोंडात धरून परत नेते. ते उथळ खोक्यात घालून त्याच झाडापाशी ठेवा, कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा आणि स्वतःही दूर राहा. गाईचं दूध पाजू नका, ते त्याला बाधतं. पिल्लू जखमी असेल किंवा आई फिरकलीच नाही, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.