क्षमता मोजणार, पण शिकवणार कोण?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाचा गजर चालू आहे. इंग्रजीपुरता त्याचा अर्थ असा की, धडा पाठ झाला का हे पाहायचे नाही. मुलाला ऐकून कळते का, बोलता येते का, वाचून समजते का, मनातले चार शब्द लिहिता येतात का, हे पाहायचे. पाठांतराच्या जोरावर ज्यांनी विद्येची मक्तेदारी चालवली, त्यांना हे बोचेल, आम्हाला नाही. आमचा सवाल वेगळा आहे. बोलणे शिकायला समोर बोलणारा माणूस लागतो. बंगल्यातल्या मुलाला तो घरात मिळतो. वस्तीतल्या मुलाला मिळालाच तर शाळेत!

आणि शाळेत काय आहे? शिक्षण हक्क कायदा २००९ ची अनुसूची प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक देते. दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता, सगळे विषय. अर्ध्या तासाच्या तासिकेत तीस मुले धरली तर एकेकाच्या वाट्याला एक मिनिट येते, तेही शेजारची इयत्ता गप्प बसली तर. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्रशिक्षित शिक्षक आणि त्यांना पुरेसा पगार मागितला होता. महाराष्ट्र शासनाने मात्र २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणले आणि ते बहुतांशी अशा शिक्षकांवर सोपवले, जे स्वतः पाचवीत किंवा त्यानंतर इंग्रजीला लागले होते.

दहावीत काय घडले ते पाहा. भाषांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले, तेव्हा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० वर आला. गुण लगेच परत आणले गेले. भांडण झाले ते गुणांचे. बोलायला शिकवायचे कोणी, यावर फारसे कोणी तोंड उघडले नाही.

कायद्याचे कलम २४ शिक्षकावर प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवण्याचे कर्तव्य टाकते. म्हणजे मोजणी ही कामाची सुरुवात आहे. पण २०२३ च्या नियमबदलाने पाचवी आणि आठवीत फेरपरीक्षेनंतरही मूल मागे ठेवता येते. शिकवणाऱ्याची कमतरता अशी मुलाच्या नावावर चढते.

कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. आपल्या माणसांनी त्या भराव्यात. इंग्रजीचे प्रशिक्षण किती शिक्षकांना, किती दिवसांचे मिळाले, हे लेखी विचारावे आणि उणीव शाळा विकास आराखड्यात नोंदवून घ्यावी. कलम २२ प्रमाणे अनुदानाचा आधार तोच आराखडा आहे.