अर्ज मंजूर होईपर्यंत हजर

सकाळी ६. फोन वाजला तेव्हा बदनापुरात अंधार होता. नेवार्कला आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात.

"काका, उद्या साडेआठला तारीख आहे. वकीलबाईंनी मुदतीचा अर्ज टाकलाय, पण त्यावर अजून काहीच आलं नाही. जाऊ का नको?"

जायचंच, म्हणालो. पुकारा होईल तेव्हा समोर उभं राहायचं. अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टाच्या कार्यपद्धतीत हे स्वच्छ लिहिलंय: मुदत मागितली म्हणून हजेरी माफ होत नाही, मुदत मंजूर झाली तरच होते. नोटीस पोचलेली असताना माणूस आलाच नाही, तर त्याच्या पाठीमागे देश सोडण्याचा हुकूम होतो. तो फिरवायचा तर असाधारण कारण दाखवून १८० दिवसांत अर्ज करावा लागतो. आपल्याकडे एकतर्फी हुकूम झाला तर पक्षकार तालुक्याला येऊन वकिलाच्या दारात बसतो. तिथं तो विमानात बसलेला असू शकतो.

७:३०. पोराचे मामा दारात. भाचा एमएस करायला गेला, वडिलांना पक्षाघात झाला, फीचे पैसे दवाखान्यात गेले, एक सेमिस्टर सुटलं आणि कॉलेजनं त्याची नोंद बंद केली. विद्यार्थी म्हणून दर्जा परत मिळावा हा अर्ज एका खात्याकडे पडून आहे, तेवढ्यात दुसऱ्या खात्याची नोटीस आली. गावाला मात्र एकच चित्र ठाऊक. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेलं लष्करी विमान, १०४ माणसं, त्यांत महाराष्ट्राचे तिघं. "वकीलसाहेब, तिथं तारीख भेटन का?" भेटते. पण कारण पटवावं लागतं.

८:३०. भाषांतराला बसलो. सातबारावरचा बँकेचा बोजा, फेरफार, सोसायटीची थकबाकी. सगळं इंग्रजीत पाहिजे, आणि खाली भाषांतर करणाऱ्यानं सही करून लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर खरं व अचूक आहे. माझी सनद तिथं चालत नाही, सही चालते. एवढंच माझं त्या खटल्यातलं काम.

११:००. कोर्ट. बांधाच्या दाव्यात माझ्या अशिलाचा उलटतपास होता आणि अशील तुरीच्या काढणीत. मुदतीचा अर्ज लिहिला. बदनापूर तालुक्यात जानेवारीत साक्षीदारांची प्रकृती एकाएकी बिघडते, हे बारमध्ये सगळ्यांना माहीत आहे. मी तसं न लिहिता तूर असंच लिहिलं. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशात सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती नाहीत. १९९९ च्या दुरुस्तीनं हे आलं, १ जुलै २००२ पासून लागू झालं. किती पाळलं जातं ते बोर्डावरची जुनी प्रकरणं सांगतात. खर्च बसवून मंजूर.

१:४५. बाररूममध्ये डबा. एका ज्युनियरनं विचारलं, तिथं किती मुदती मिळतात? आकडा ठरलेला नाही. नियमाला फक्त सबळ कारण हवं. पण २०१८ मध्ये तिथल्या अॅटर्नी जनरलनं एका निर्णयात घट्ट केलं: दुसरीकडे अर्ज प्रलंबित आहे एवढ्यावर भागत नाही. तो मंजूर होण्याची शक्यता किती, आणि झाला तर या खटल्याचा निकाल त्यानं बदलेल का, हे न्यायाधीशानं आधी तोलायचं. ज्युनियरला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. अॅटर्नी जनरल न्यायाधीशांना कसा बांधतो? कारण ते कोर्ट न्यायपालिकेचं नाहीच, न्याय खात्याचं आहे. न्यायाधीश त्या खात्याचे नोकर. आपल्या तहसीलदारासमोर रस्त्याची केस चालते, तसं काहीसं समजा.

मला विचाराल तर या पोराच्या अर्जात जोर इथंच आहे. सेमिस्टर का सुटलं, हे कागदावर सिद्ध झालं तर त्या प्रलंबित अर्जाला वजन येईल. नुसती दया मागून उपयोग नाही.

४:३०. कोर्टातून थेट नोटरीकडे. पोराच्या आईचं प्रतिज्ञापत्र. मजकूर इंग्रजी, म्हणून तिला ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवला आणि तसं खाली नमूद केलं. डिस्चार्ज कार्डावरची तारीख आणि फी भरायची शेवटची तारीख शेजारी शेजारी येतील असं मुद्दाम लिहिलं होतं. ती म्हणाली, "एवढं आजारपण लिहिलं, त्याला वाईट वाटंन." वाटू द्या, म्हणालो. स्कॅन करून सहाच्या आत वकीलबाईंना पाठवलं.

७:००. नेवार्कला सकाळचे साडेआठ. मी उद्याच्या युक्तिवादाची फाईल उघडली. मामा पायऱ्यांवर.

९:२०. फोन. "काका, पाच मिनिटांत झालं." वकीलबाईंनी मुदत तोंडीही मागितली, आमचे कागद दाखवले, सरकारी वकिलानं विरोध केला नाही. एप्रिलमधली तारीख मिळाली. त्या दिवशी नोटिशीतल्या आरोपांना उत्तर द्यायचं, त्याच कारणासाठी पुन्हा मुदत मागायची नाही, असं न्यायाधीशांनी बजावलं. मी त्याला एवढंच सांगितलं, की खोली बदललीस तर पाच दिवसांत कोर्टाला पत्ता कळव. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली तरी ती बजावली असं धरतात.

मामांनी विचारलं, "मंग तवर त्याला काम करता येईन?"

नाही. तारीख म्हणजे परवाना नव्हे. आणि वकीलही तिथं सरकार देत नाही, स्वतःच्या खर्चानं लावायचा.

"बाईंची पुढची फी कधी द्यायची?"

"मार्चात."

"तूर उद्याच जालन्याच्या मोंढ्यावर नेतो," म्हणाले आणि गाडीला किक मारली.