गंगाजळी आणि चांदीची आगगाडी

ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे साठवणारे होते. किल्ल्याच्या तळघरांत दडवलेल्या त्यांच्या खजिन्याचं नाव ‘गंगाजळी’. लढाई किंवा दुष्काळ आला तरच त्याला हात लावायचा, असा दंडक. कुठे काय आहे याची नोंद सांकेतिक ‘बीजका’त, आणि ते बीजक उलगडणारे एकटे महाराज. १८८६ मध्ये ते वारले तेव्हा चिरंजीव माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. गुपित सांगायचं राहूनच गेलं आणि घरच्याच धनाचा शोध घ्यायची पाळी वारसावर आली.

हे माधवराव वापरणारे निघाले. टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळतं भांडवल हवं होतं, तेव्हा ४ लाख पौंडांचे सगळे कर्जरोखे त्यांनी एकट्याने घेतले. आणि हौस म्हणाल तर जयविलास राजवाड्यातली चांदीची आगगाडी! अनेकांना त्यात श्रीमंतीचा माज दिसतो. असेलही; पण तिथे चांदी कामाला लावली होती, हे मला आवडतं. जेवणाच्या टेबलावर रूळ, त्यावर विजेवर धावणारं इंजिन, मागे ‘सिंदिया’ नावाचं एकेक इंग्रजी अक्षर मिरवणारे डबे आणि डब्यांत मद्याच्या सुरया. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुढच्या पाहुण्याकडे निघायची. भर मेजवानीत ती बिघडल्याचे किस्सेही सांगतात. वापरातली वस्तू, बिघडायचीच.

आपली गंगाजळी गोदरेजच्या कपाटात असते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत तिच्यात एखादी चंदेरी साडी निघाली तर नवल नाही. चंदेरी गाव शिंद्यांच्याच राज्यातलं. ‘नातीच्या लग्नात नेसेन’ म्हणून ठेवलेली साडी ऐन लग्नात उलगडावी, तर घडीवर चिरलेली! चंदेरीच्या ताण्याला लावतात त्या रेशमाचा नैसर्गिक डिंक काढलेला नसतो. तिची ती पारदर्शक चमक त्यातूनच येते, पण त्यामुळे धागा ताठ राहतो आणि वर्षानुवर्षं एकाच घडीवर दाब पडला की तिथेच मोडतो. खऱ्या जरीतली चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते ती वेगळीच. म्हणून साडी सुती कापडात गुंडाळावी, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी आणि डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत. त्यापेक्षा सोपं म्हणजे मंगळागौरीला, हळदीकुंकवाला ती नेसावी. वारा लागतो, घडीही आपोआप बदलते. आजेसासूबाईंची, हात लावताच विरणारी पैठणी असेल तर गोष्ट निराळी. तिला नेसायचा हट्ट नको.

चांदीच्या वाट्यांचंही तेच. रोज घासूनपुसून वापरातल्या वाटीवर काळा थर साचायला सवडच मिळत नाही. माळ्यावरच्या डब्यातली मात्र दर दिवाळीला चिंच मागते. मीठ आणि अंडं तेवढं चांदीत ठेवू नये. बासुंदीला वाट्या खुशाल काढाव्यात, पाहुणे नसले तरी.