बर्फ निसर्गाचा, जोखीम कुणाची?

डिसेंबर २०२४च्या अखेरीस, नाताळची सुटी ऐन भरात असताना, अमेरिकेच्या उटा राज्यातील पार्क सिटी या डोंगरी गावात एक संप सुरू झाला. संपकऱ्यांची संख्या सुमारे दोनशे होती. आरंभीचे वेतन ताशी २१ डॉलरवरून २३ डॉलर करावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. हे सारे 'स्की पेट्रोल'चे, म्हणजे बर्फाच्या उतारांवर गस्त घालणाऱ्या पथकाचे कर्मचारी होते. ८ जानेवारी २०२५ रोजी संप मिटला. परंतु तेवढ्या अवधीत अमेरिकेतील सर्वांत विस्तीर्ण केंद्रांपैकी एक असलेल्या या स्की-केंद्राचा फार थोडा भाग उघडा राहू शकला. हजारो डॉलर खर्चून आलेली कुटुंबे लिफ्टच्या रांगांत तिष्ठत राहिली आणि मालक कंपनीच्या समभागांचा भाव घसरला.

श्रीमंतांच्या खेळात पडलेला हा खंड आपल्या वाचकांना दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या प्रसंगामागे अर्थशास्त्राचा एक जुना प्रश्न उभा आहे, आणि ज्याचे उत्पन्न आभाळावर अवलंबून असते अशा प्रत्येक समाजाला तो लागू पडतो. निसर्ग रुसला तर नुकसान कोणी सोसायचे, हा तो प्रश्न होय.

रिकामी खुर्ची

स्कीइंग म्हणजे दोन्ही पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणे. स्नोबोर्डमध्ये दोन पट्ट्यांऐवजी एकच रुंद फळी असते व तिच्यावर आडवे उभे राहावे लागते. उतरण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. खर्च येतो तो वर चढविण्याचा. १९३६ साली आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने पहिली चेअर-लिफ्ट उभारली. बोटीत केळ्यांचे घड चढविणाऱ्या यंत्रावरून तिची कल्पना तिच्या अभियंत्याला सुचली होती. त्या लिफ्टने डोंगर चढण्याचे कष्ट संपविले आणि एका छंदाचा उद्योग केला.

या उद्योगाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. लिफ्ट, कृत्रिम बर्फाची यंत्रे, उतार सारखे करणारी वाहने, विमा, कर्मचारी या सर्वांवरील खर्च, खेळणारे शंभर येवोत वा दहा हजार, जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे स्थिर खर्च अवाढव्य आणि एका अधिक ग्राहकाचा सीमांत खर्च नगण्य. रिकामी गेलेली खुर्ची उद्यासाठी साठवूनही ठेवता येत नाही. त्यात हंगाम चार-पाच महिन्यांचा, आणि तोही बर्फाच्या लहरीवर चालणारा. अमेरिकेतील स्की-केंद्रांना २०११-१२च्या कोरड्या हंगामात सुमारे ५ कोटी १० लाख भेटी मिळाल्या, तर भरपूर बर्फ पडलेल्या २०२२-२३ मध्ये ६ कोटी ५४ लाख. या चढउतारापुढे लहान केंद्रे टिकत नाहीत. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी त्या देशात सातशेहून अधिक स्की-केंद्रे होती; आज ती पाचशेच्या आत आली आहेत.

स्नोबोर्डचा इतिहासही याच गणिताने उलगडतो. १९६५ साली मिशिगनमधील शर्मन पॉपेन यांनी मुलींच्या करमणुकीसाठी दोन स्की एकत्र जोडल्या आणि १९७७ साली व्हर्मांटमध्ये जेक बर्टन यांनी फळ्यांचा कारखाना काढला. आरंभी बहुतेक केंद्रांनी या उडाणटप्पू पोरांना उतारावर फिरकू दिले नाही. परंतु खुर्च्या भरायच्या तर नवी पिढी हवी, हे उमजताच दारे उघडली आणि १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. आज अमेरिकेत स्नोबोर्डला मज्जाव करणारी तीनच केंद्रे उरली आहेत.

आगाऊ पैशांची किमया

या अनिश्चिततेवर सर्वांत प्रभावी तोडगा काढला तो कोलोरॅडोतील व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने. व्हेलचे केंद्र डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या डोंगरी तुकडीतून इटलीत लढून जखमी झालेले पीट सायबर्ट हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. आज हे केंद्र पाच हजार एकरांहून अधिक उतारांवर पसरले आहे. मात्र ही जमीन कंपनीची नाही. ती राष्ट्रीय वनाची आहे, आणि तिच्या वापराबद्दल सरकारला उत्पन्नाच्या दीड ते चार टक्क्यांच्या दरम्यान शुल्क मिळते. डोंगर जनतेचा आणि बर्फ निसर्गाचा, ही या धंद्याची मूळ बैठक आहे.

२००८ साली या कंपनीने 'एपिक पास' काढला. ५७९ डॉलर भरले की कंपनीच्या सर्व केंद्रांवर हंगामभर हवे तितके खेळावे, अशी ती योजना होती. आपल्याकडील लोकलच्या मासिक पासाशी तिचे साम्य दिसते, परंतु एक भेद महत्त्वाचा आहे. हा पास हंगाम रंगात येण्यापूर्वीच विकत घ्यावा लागतो. डिसेंबरच्या आरंभी त्याची विक्री थांबते. वाट पाहून, बर्फ पडल्याची खात्री करून घेऊन मगच निघणाऱ्याला दिवसाचे तिकीट काढावे लागते. २००८च्या सुमारास व्हेलमध्ये शंभर डॉलरच्या आत असलेले हे तिकीट आज ऐन हंगामात ३०० डॉलरच्या वर गेले आहे. पासाची किंमतही वाढत गेली. २०२१ साली ती एकदम वीस टक्क्यांनी उतरविण्यात आली, आणि २०२५ साली पुन्हा हजार डॉलरच्या पलीकडे गेली. तरीही दिवसाच्या तिकिटाशी तुलना करता तो स्वस्तच ठरतो. म्हणजे हे तिकीट आता निव्वळ किंमत राहिलेले नाही. आधी न ठरविणाऱ्याला बसणारा तो दंड आहे.

पाठ्यपुस्तकाच्या भाषेत याला मूल्यभेद म्हणता येईल. वस्तुतः ही त्याहून मोठी गोष्ट आहे. पूर्वी बर्फ पडला नाही तर ग्राहक घरी बसत आणि तोटा मालकाच्या वाट्याला येई. आता बर्फाचा पहिला कण पडण्यापूर्वी पैसा तिजोरीत जमा होतो. २०२४-२५च्या हंगामासाठी असे सुमारे २३ लाख पास विकले गेले आणि लिफ्टच्या उत्पन्नातील निम्म्याहून बराच अधिक वाटा आज पासांतून येतो. आजारपण, नोकरी जाणे, काही विशिष्ट कारणांनी केंद्र बंद पडणे, अशा प्रसंगी भरपाईची सोय पासात आहे. परंतु बर्फ विरळ पडला, एवढ्यावरून पैसे परत मिळत नाहीत.

या स्थिर उत्पन्नाच्या जोरावर कंपनीने विम्याचे दुसरे तत्त्वही अंगीकारले. सर्व डोंगर एकाच वर्षी कोरडे जात नाहीत, म्हणून डोंगरच विकत घ्यावेत. २०१४ साली पार्क सिटी, २०१५ मध्ये दक्षिण गोलार्धात जूनमध्ये हिवाळा अनुभवणारे ऑस्ट्रेलियातील पेरिशर, २०१६ मध्ये कॅनडातील व्हिसलर ब्लॅककोम, पुढे स्वित्झर्लंडमधील दोन केंद्रे, अशी ही यादी चाळिसाच्या पुढे गेली. २०१८ साली 'आयकॉन पास' घेऊन दुसरी मोठी कंपनी रिंगणात उतरली. सुट्यासुट्या डोंगरांचा बाजार असा दोन मोठ्या पासांचा अल्पाधिकार होऊन बसला.

या योजनेने केवळ कंपनीचे भले झाले, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. वर्षातून आठ-दहा दिवस खेळणाऱ्याला खेळ पूर्वीपेक्षा स्वस्त पडतो. नव्या लिफ्टसाठी भांडवल मिळते आणि कोरड्या वर्षी केंद्राला टाळे लागत नाही. परंतु जोखीम नाहीशी होत नसते, ती केवळ हात बदलते. तिचा एक भाग ग्राहकाकडे गेला. उरलेला कोठे गेला, हे पाहिल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही.

शेवटचा वाटेकरी

उरलेला भाग हंगामी कामगाराकडे गेला. उतार उघडला की त्याला काम. बर्फ लांबला की कामाचे तास कमी. केंद्रांवरील अनेक किरकोळ कामे दक्षिण अमेरिकेतून येणारे विद्यार्थी करतात, कारण उत्तरेतील हिवाळा ही त्यांची उन्हाळी सुटी असते. या गावांत घरांच्या किमती बाहेरच्या धनिकांनी ठरविलेल्या असतात, तेव्हा तेथे राबणाऱ्याला तेथे राहणे परवडत नाही. व्हेल गावात कंपनीने आपल्या कामगारांसाठी घरे बांधण्याचे ठरविले, तेव्हा ती जागा रानमेंढ्यांच्या हिवाळी चराईची आहे, या कारणाने २०२२ साली नगर परिषदेने ती संपादन करण्याची कारवाई केली. रानमेंढ्यांचा हक्क खराच. पण याच गावात पूर्वी बंगले उठले तेव्हा हा विचार कोणाला फारसा सुचला नव्हता.

गस्तीपथकाचे काम तर किरकोळही नव्हे. लिफ्ट सुरू होण्यापूर्वी पहाटे वर जायचे, साचलेला धोकादायक बर्फ स्फोटके उडवून आधीच खाली पाडायचा, खडक-खड्ड्यांवर खुणा लावायच्या, आणि दिवसभर जखमींना प्रथमोपचार करून घसरगाडीवरून खाली आणायचे. त्यांनी 'हा उतार सुरक्षित आहे' असे म्हटल्याशिवाय तो उघडत नाही. हे कौशल्य अनेक हिवाळ्यांनी येते, आणि तुटपुंज्या वेतनामुळे माणूस दोन-तीन वर्षांत निघून गेला तर ते त्याच्याबरोबर जाते.

कंपनीने २०२२ साली किमान वेतन ताशी २० डॉलरपर्यंत वाढविले होते, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. परंतु किमान वेतन आणि कुशल गस्तीवाल्याचे आरंभीचे वेतन यांत एका डॉलरचेच अंतर असावे, यातच संपाचे कारण दडले होते. अन्य केंद्रांतून माणसे आणून काम भागविण्याचा प्रयत्न झाला आणि तो अपुरा पडला. अखेर आरंभीच्या वेतनात दोन डॉलरची वाढ मान्य झाली. नंतर त्या दिवसांतील पाहुण्यांना पुढील हंगामाच्या पासात सवलत द्यावी लागली आणि काहींनी न्यायालयातही धाव घेतली. एवढ्या अवधीत गमावलेल्या लौकिकाच्या मानाने ते दोन डॉलर क्षुल्लक होते.

येथे धडा आहे तो हा. पासाने हवामानाची जोखीम हाताळली, पण तिच्याऐवजी दुसरी उभी केली. लाखो लोकांनी आधीच पैसे भरले असल्याने ते येणारच, आणि नेमके सुटीच्या दिवसांतच येणार. अशा वेळी उतार उघडणारा माणूस हाच सर्वांत दुर्मिळ घटक ठरतो. बर्फाच्या तुटवड्याचा विमा कंपनीने उतरविला. माणसाच्या तुटवड्याचा हप्ता मात्र भरला नव्हता.

एक वेगळी वाट

जोखीम वाटून घेण्याचा दुसराही एक मार्ग अमेरिकेतच आहे. स्नोबोर्डला बंदी घालणाऱ्या तीन केंद्रांपैकी व्हर्मांटमधील मॅड रिव्हर ग्लेन हे केंद्र १९९५ पासून सहकारी संस्थेच्या मालकीचे आहे. खेळणारेच तेथे भागधारक आहेत. १९४८ सालची एकेका माणसाला वर नेणारी लिफ्ट त्यांनी मोडीत न काढता २००७ साली पुन्हा उभी केली. कोरडे वर्ष आले तर तोटा त्यांचाच. पण कशात काटकसर करायची, हे ठरविण्याचा अधिकारही त्यांचाच. सहकार ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्या महाराष्ट्रातील वाचकांना त्याचे गुणदोष सांगायला नकोत. एका लहान डोंगराला साधलेले चाळीस डोंगरांना साधेल असेही नव्हे. तरी ज्याने जोखीम उचलायची त्याला निर्णयात वाटा असावा, हे तत्त्व तेथे पाळले जाते.

पासधारकाला असा वाटा नाही, आणि पार्क सिटीच्या गस्तीवाल्यांना तो संप करून मिळवावा लागला. पुढील काळात हिवाळे अधिक बेभरवशाचे होत जातील, असे हवामानशास्त्र सांगते. कृत्रिम बर्फालाही पाणी आणि थंडी लागतेच. म्हणजे वाटायची जोखीम वाढतच जाणार आहे. तिची वाटणी आगाऊ पैसे घेणाऱ्याने एकतर्फी करावयाची, की ती सोसणाऱ्यांना बरोबर बसवून, हे त्या उद्योगाला लवकरच ठरवावे लागेल. ताशी दोन डॉलरच्या मागणीने तो प्रश्न केवळ टेबलावर आणून ठेवला आहे.